वाक्य माझं आहे, दादा

११ जानेवारी

दादा,

काल तू फोन आपटलास. आपटण्याआधी तू जे बोललास ते सगळं मी ऐकलं. मी जे बोलले तेही ऐकलं, कारण तेही तूच बोललास. "तू म्हणशील, ती माणसं चांगली आहेत. म्हणशील, मला कुणी जबरदस्ती केलेली नाही. म्हणशील, मी काय आता लहान आहे का. मला सगळं माहीत आहे, चिमणे." बरोबर होतं रे. मी तेच म्हणणार होते. फक्त मी अजून पहिल्या अक्षरावर होते.

म्हणून हे पत्र. फोनवर तू आपल्या दोघांचं बोलतोस. कागदावर माझी जीभ अडत नाही आणि तुला मधे तोंड घालता येत नाही. वहिनीला सांग, पाकीट सरळ तुझ्या हातात देऊ दे. तिने वाचून तुला थोडक्यात सांगायचं, हे चालणार नाही.

तर वहिनीकडून तुला जे कळलं ते खरं आहे. मी बाप्तिस्मा घेणार आहे. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणाला बरं वाटावं म्हणून नाही.

तुझं म्हणणं असं, की मला नाही म्हणता येत नाही हे त्या लोकांनी ओळखलं आणि मला बरोबर धरलं. दादा, तू पंप विकतोस. समोरच्याला नाही म्हणता येत नाही हे ओळखून त्याच्या गळ्यात पंप मारणं हा तुझा धंदा, म्हणून तुला सगळं जग तसंच दिसतं. रागावू नकोस, वहिनीही हेच म्हणते.

आता झालं कसं ते सांगते. आमचा कारखाना तू पाहिलेला आहेस. पुढे काचेमागे नवे सोफे, मागे पत्र्याखाली आम्ही. मी जुन्या खुर्च्यांचं कापड फाडते, आतला दबलेला कापूस आणि स्पंज बदलते, नवं कापड ताणून खिळे ठोकते. ते बारीक खिळे तोंडात धरायचे असतात. जिभेने एकेक पुढे आणायचा, हातोडीच्या लोहचुंबकी टोकाला लावायचा आणि ठोकायचा. नव्या माणसाला हे शिकायला बरेच दिवस जातात. मी पहिल्याच आठवड्यात शिकले. मालक सगळ्यांना सांगत सुटले, काय हात आहे पोरीचा. हात कसला, मला कळलं होतं की तोंडात खिळे असले की आपल्याला कुणी बोलायला लावत नाही. मग मी डबा खाऊन झाला की लगेच दोन-चार खिळे गालात टाकून बसायला लागले, काम नसलं तरी.

खिडकीशी शिलाईचं मशीन आहे. तिथे कव्हरं शिवणारी जी बाई बसते, तिला आम्ही सगळे मावशी म्हणतो. तिने एक दिवस मशीन थांबवलं. "ते लोखंड काढ बघू तोंडातलं. गिळशील एखाद दिवशी, आणि मालक म्हणतील खिळे कमी कसे भरले." मी काढले. मग म्हणाली, "आज घरी ये माझ्याकडे. आम्ही चौघीजणी बायबलातलं वचन वाचतो आणि प्रार्थना करतो. चहा मी चांगला करते, प्रार्थनेचं मला सांगता येणार नाही."

मी मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, मान हलवणं सोपं होतं. इथवर तुझं बरोबर आहे, दादा. मी गेले ती नाही म्हणता आलं नाही म्हणून. राहिले ती त्यासाठी नाही.

वाचून झाल्यावर तिथे प्रत्येकीने मनात आलेलं एक वाक्य बोलायचं असतं. माझी पाळी आली आणि मी अडले. पुढे काय होतं ते तुला माहीत आहे. लोक चपलांकडे बघतात, नाहीतर शब्द पुरवतात, वर हसून. तिथे कुणी काही पुरवलं नाही. मावशी माझ्याकडे नुसती बघत राहिली, सुईत दोरा ओवताना बघते तशी. मला इतका राग आला. यांचं काय जातं एक शब्द द्यायला? शेवटी माझं वाक्य मीच पुरं केलं. अगदी साधं होतं, काय होतं ते लिहीतही नाही. घरी चालत येताना मात्र मी आठवत होते की परक्या माणसांसमोर माझं वाक्य याआधी कधी पुरं झालं होतं. आठवलं नाही.

उद्या एका दवाखान्याच्या बाकड्यांचं काम आहे, लवकर जायचंय. उत्तर लिही.

तुझी
चिमणी


८ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण वहिनीचा फोन आला. म्हणाली, "पत्र मिळालं. ह्यांनी दोनदा वाचलं, मग स्टूल घेऊन पंखा पुसायला लागले." म्हणजे तू चिडलेला आहेस. बाबांच्या आजारपणात तू घरातले सगळे पंखे पुसले होतेस.

तू तिच्याकडून विचारलं आहेस की त्या लोकांनी मला नक्की काय दिलं. सांगते.

मावशीच्या घरी एकदा एका आंधळ्याची गोष्ट वाचली. रस्त्याच्या कडेला बसलेला असतो. येशू चाललाय हे कळल्यावर हाका मारायला लागतो. लोक त्याला गप्प बसवतात. येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि विचारतो, तुझ्यासाठी मी काय करू? दादा, आंधळ्याला काय हवं असणार हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. विचारणाऱ्यालाही माहीत असणारच. तरी त्याने विचारलं. विचारून उत्तराची वाट बघत उभा राहिला.

मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

आपल्या घरी देवाचं कुणी कधी फारसं मनावर घेतलं नाही. पण माझ्या मनात त्याचं एक चित्र होतं, आणि खरं सांगू, तो तुझ्यासारखा होता. चांगला, माझी काळजी करणारा, सगळं आधीच माहीत असलेला, आणि मी तोंड उघडायच्या आत माझं वाक्य पुरं करून पुढे गेलेला. हा तर थांबणारा निघाला. त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रार्थना केली, तोंडाने, एकटीच, अडत अडत. कुणी घाई केली नाही.

तू विचारशील, मग बोलणं सुधारलं का? तेच मागितलं होतं मी. नाही सुधारलं. अजून तशीच अडते. फरक इतकाच, की आता अडते ती बोलायला निघते म्हणून. आधी निघतच नव्हते.

मावशी म्हणते, विश्वास म्हणजे बसून मान डोलावणं नव्हे, मागे चालायचं असतं. शिष्य होणं म्हणजे तेच. आणि चालायला लावण्यात ती पटाईत आहे. एका आठवड्यात तिने मला दुकानातला फोन उचलायला लावलं. मी हॅलोवर अडले, समोरच्या बाईंना वाटलं लाइन खराब आहे, त्यांनी तीनदा ठेवून तीनदा लावला. चौथ्यांदा मी म्हटलं, लाइन चांगली आहे, मीच अशी आहे. त्या हसल्या, मीही हसले, आणि त्यांच्या सहा खुर्च्या आता माझ्याकडे आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला पाळकांच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या, आईकडे पाठवलं. आजींना अर्धांगवायू झाल्यापासून शब्द सापडत नाहीत. भेटायला पुष्कळ जण येतात, त्यांची वाक्यं पुरी करतात आणि बरं वाटून घरी जातात. मी गेले तेव्हा त्या काहीतरी मागत होत्या. सुनेने पाणी आणलं, गोळी आणली, खिडकी उघडली, रेडिओ लावला. आजी मान हलवून दमल्या. मी खुर्ची ओढून समोर बसले. मला काय, घाई नव्हती, आणि त्या ज्या ठिकाणी अडकल्या होत्या ते ठिकाण माझ्या पायाखालचं होतं. बऱ्याच वेळाने आलं: "उशी." बास, उशी. मी उशी हातात घेतली. आत कापसाचे नुसते गोळे झालेले. तिथेच उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरला, टाके घातले. आजींनी डोकं टेकवलं आणि मला एक शिवी दिली. स्पष्ट, न अडता. सून लाजेने लाल झाली. आता मी दर बुधवारी जाते. आम्ही दोघी मिळून तासाभरात चार वाक्यं बोलतो आणि आमचं पोट भरतं.

हे दिलं त्यांनी मला. तुझ्या भाषेत सांगायचं तर माल हातात पडलेला आहे, पावती मागू नकोस.

बाप्तिस्मा एप्रिलच्या पहिल्या रविवारी. या मंडळीची, म्हणजे त्यांच्या चर्चची, एक रीत आहे. पाण्यात उतरलेल्या माणसाने सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की मी हे का करतोय. कागद वाचायचा नाही. त्याच्यावतीने दुसऱ्याने बोलायचं नाही, आईबापांनीसुद्धा नाही. ते सांगून झाल्याशिवाय पाळक पाण्यात बुडवत नाहीत.

मला भीती वाटत नाही.

वरचं वाक्य खोटं आहे. खोडणार होते, पण खोडलेलं तू उजेडाशी धरून वाचलंच असतंस.

तू ये. मागे बस हवं तर.

चिमणी


३ मार्च

तू पाळकांना पत्र लिहिलंस.

आज उपासनेनंतर त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. जिथे जास्तीच्या खुर्च्या ठेवतात ती खोली; निम्म्या खुर्च्यांच्या बैठका मीच नव्या केल्यात. म्हणाले, "बाई, तुमच्या भावाचं पत्र आलंय." आणि माझ्या हातात दिलं. तुझं ते वळणदार अक्षर. "माझ्या बहिणीला हे नको आहे. तिला नाही म्हणता येत नाही. तिच्यावतीने मी नाही म्हणतो."

पाळक वाईट माणूस नाहीत, दादा, हे आधी सांगते. भिडस्त आहेत आणि कुणाला फसवून काही करायचं म्हटलं तर त्यांना झोप लागत नाही. ते म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं, नीट विचार केलाय ना. तुम्ही मान हलवलीत. पण मान तर तुम्ही चहा हवा का विचारल्यावरही हलवता, आणि चहा नको का विचारल्यावरही. तुमच्या भावाचं खरं असेल तर? एका मानेच्या भरवशावर मी कुणाला पाण्यात उतरवणार नाही. तारीख तूर्त पुढे ढकलू या."

मी काय केलं असेन? मी मान हलवली.

बाहेर आले तर मावशी माझी पिशवी घेऊन उभी. माझा चेहरा बघून म्हणाली, "कुणी मेलं का?" मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "अक्षर छान आहे."

आता एक सांगते, जे मी तुला कधी सांगणार नव्हते. आमच्या कारखान्याला खुर्च्यांचे सांगाडे करून देणारा सुतार एकदा आपल्या घरी आला होता. आठवतं? गुडघे जुळवून खुर्चीत बसला होता. तुझ्याशी चार शब्द बोलला आणि मग माझ्याकडे वळून त्याने मला विचारलं, "तुम्हाला चालेल का?" मी बोलायला लागले. मी पहिल्या अक्षरावर होते आणि तू म्हणालास, "तिला लग्न करायचं नाही. तिने ठरवलंय तसं." तू माझी सुटका करत होतास, मला माहीत आहे. मी घाबरले आहे असं तुला वाटलं. तो उठला, चपला घातल्या, दार आवाज न करता लावून घेतलं.

मी हो म्हणत होते, दादा.

त्याला आता दोन मुली आहेत. सांगाडे घेऊन येतो, नमस्कार करतो, जातो. सुखात आहे. मीही रडत बसलेली नाही. पण एकदा माझा हो तुझ्या नाहीखाली गेला. हा दुसऱ्यांदा जाऊ देणार नाही.

मावशी म्हणाली, जे खरं ते लिही, पण भावासाठी प्रार्थना केल्याशिवाय पेटीत टाकू नकोस. केली. राग गेलेला नाही. तरी टाकते आहे.


१७ मार्च

दादा,

मागच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. वहिनी म्हणाली, यावेळी पंखेही पुसले नाहीत. नुसता बाल्कनीत उभा होतास.

मी जाऊन बोलले.

मावशीला बरोबर नेलं नाही. ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मी इथेच बसते. काही लागलं तर हाक मार. मी येणार नाही, पण हाक मार." त्याच मागच्या खोलीत पाळक होते आणि मंडळीचे दोन वडील. वडील म्हणजे कारभार बघणारी जाणती माणसं, त्यात एक बाईही आहे. एक जण बेकरी चालवतो. बाई निवृत्त परिचारिका आहेत. पाळकांनी माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. "ताण घेऊ नका. लिहून दिलंत तरी आम्हाला चालेल."

मी पेन उचललं. दोन शब्द लिहिले. अक्षर माझंही वाईट नाही. मग मनात आलं, तू लिहिलं आहेस की हिला सांगता येत नाही. त्यावर मीही लिहूनच दिलं तर तुझंच खरं ठरतं. मी पेनला टोपण लावलं आणि कागद उलटा केला.

मग तोंड उघडलं. 'म'वर अडले, ओठ जे मिटले ते मिटलेच. मान ताठ, डोळे मिटलेले, तुला माहीत आहे मी कशी दिसते. मनात फक्त एवढंच होतं की तो उभा आहे. रस्त्याच्या कडेला, त्या आंधळ्यासमोर उभा होता तसा. त्याने विचारलंय आणि तो कुठे जात नाही. एकदा डोळे उघडले तर बेकरीवाले घड्याळाकडे बघत होते. परिचारिकाबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्यांनी घड्याळ मनगटावरून काढून खिशात ठेवलं.

आणि आलं. "माझ्या भावाचा माझ्यावर जीव आहे. पण तो चुकतोय. मला येशूच्या मागे जायचंय. मला कुणी धरून आणलेलं नाही. मला हवंय."

मला हवंय. दादा, हे दोन शब्द मी आयुष्यात कुणासमोर जोडून म्हटले नव्हते. हवंय म्हणायची वेळ आली की आपल्या घरी ते आधीच आणून ठेवलेलं असायचं, नाहीतर नको म्हणून सांगितलेलं असायचं.

पाळक म्हणाले, "तारीख तीच. आणि बाई, मीही चुकलो. पत्र आल्यावर आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी आधी ठरवलं आणि मग तुम्हाला सांगितलं." मी सवयीने मान हलवली. तिघेही माझ्याकडे बघायला लागले. मग मी मोठ्याने "हो" म्हटलं आणि सगळे हसलो, पाळक सगळ्यांत जास्त. दाराबाहेरून मावशी ओरडली, "झालं का? माझे पाय मोडले."

कारखान्यात दुसऱ्या दिवशी मी खिळ्यांची वाटी शेजारी ठेवून काम केलं. तोंडात नाही घेतले. हात मंदावला थोडा. मालक म्हणाले, "काय गं, दात दुखतोय?" म्हटलं, नाही, तोंड मोकळं हवंय. ते म्हणाले, "एवढी वर्षं कारखान्यात शांतता होती, आता गेली ती."

तुझ्याबद्दल मी खूप विचार केला. शाळेत मी फळ्यासमोर अडले की वर्ग हसायचा, आणि मधल्या सुट्टीत तू वरच्या वर्गातून धावत यायचास. माझ्यासाठी तू मारामारी केलीस, तुझा पुढचा दात त्यातच गेला. तेव्हा ते लागत होतं. तू नसतास तर मी शाळा सोडली असती. तू फक्त थांबायचं विसरलास, आणि तुला कुणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काम माझं होतं.

मी तुला क्षमा केली आहे. हे मोठेपणाने लिहीत नाही. सुताराच्या बाबतीत तर ती रोज सकाळी नव्याने करावी लागते, दात घासल्यासारखी. पण करते. आणि दादा, त्याने मला हलकं वाटतं, तुझ्यापेक्षा मला जास्त.

सात एप्रिलला ये. एकच अट आहे. माझ्यावतीने एक अक्षर बोलायचं नाही. खोकायचंही नाही, तुझ्या खोकल्यातही शब्द असतात.

तुझीच
चिमणी


९ एप्रिल

दादा,

तुमची गाडी वेळेवर पोचली हे वहिनीने कळवलं. तू तिथे होतास, तरी लिहिते आहे, कारण हौदाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या आणि तू माझ्या पाठीकडच्या बाजूला होतास. पुढून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

तू आलास हे मला आधी दिसलं नाही, ऐकू आलं. मी आतल्या खोलीत कपडे बदलत होते आणि बाहेरून आवाज: "ही नळी कुणी लावली? अशाने हौद संध्याकाळपर्यंत भरणार नाही." मावशी म्हणाली, "हा तुझाच ना?" मी दाराच्या फटीतून पाहिलं. सभागृहाच्या मधल्या फळ्या काढलेल्या, खाली हौद अर्धाच भरलेला, आणि तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नळीचं तोंड बदलतोयस. पाळक हात मागे बांधून उभे. तू त्यांना पंपांचे प्रकार समजावून देत होतास. ज्या माणसाला तू ते पत्र लिहिलंस त्यालाच. तेही मन लावून ऐकत होते. तू एवढंच म्हणालास, "पाणी गार आहे हां. तिला सोसत नाही गार." पाळक म्हणाले, "मलाही नाही."

पाणी खरंच गार होतं. मी कमरेपर्यंत उतरले आणि माझ्या मणक्यातून कळ वर गेली. गारठ्यात माझं बोलणं आणखी अडतं. पाळकांनी विचारलं, "तुम्ही इथे का आलात, ते मंडळीला सांगा." आणि ते थांबले. सगळे थांबले.

तुला मागून माझी मान दिसली असेल. मला समोर काय दिसत होतं ते सांगते. पाळकांचे दात वाजत होते, तरी ते माझ्याकडे हसून बघत होते. पहिल्या रांगेत चाकांच्या खुर्चीवर आजी. मी ओठ मिटले की त्यांचेही मिटायचे. मी श्वास घेतला की त्याही घ्यायच्या. आम्ही दोघी एकाच शब्दाला धक्का देत होतो. त्यांची सून डोळे पुसत होती. बेकरीवाल्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं.

मग आजींच्या मागे भिंतीवरच्या काचेत मला तू दिसलास. तू उभा राहिला होतास. तुला कळलं नाही, पण शेजारची चार डोकी तुझ्याकडे वळली. परिचारिकाबाई जागेवरून अर्ध्या उठल्या. त्यांना वाटलं असणार, आला हा, आता हरकत घेणार. मला माहीत होतं, तू हरकत घ्यायला उठला नव्हतास. तुझं तोंड मला पाठ आहे. तुझे ओठ जुळले होते. माझा शब्द तुझ्या ओठांवर आला होता, तयार, न अडता. तू तो आत्ता देशील आणि सगळं संपेल, मी पाण्याबाहेर येईन, तुझं वाक्य अंगावर घेऊन.

आणि खरं सांगते, एक क्षण मला तो हवा होता. पाणी इतकं गार होतं.

तू खिशातून रुमाल काढलास आणि तोंडात कोंबलास. पुरा. वहिनीने तुझा हात धरला. तू तसाच उभा राहिलास, गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि बोलला नाहीस.

माझं बाकीचं आयुष्य त्या वेळात मावेल इतका वेळ गेला असं वाटलं. मग माझा "मी" सुटला. त्याच्यामागे बाकीचे शब्द वाट बघत उभे होते, ते धडाधड आले. "मी पुष्कळ वर्षं गप्प होते. येशूने मला विचारलं, तुला काय हवं, आणि तो थांबला. कुणी इतकं थांबलं नव्हतं. मी त्याच्यामागे जाणार आहे. अडत अडत जाईन, पण जाणार आहे." एवढंच ठरवलेलं होतं. पण तोंड उघडलंच होतं तर म्हटलं, "आणि तो मागे उभा आहे, तो माझा भाऊ. त्याने मला आयुष्यभर सांभाळलं. आज त्याने मला बोलू दिलं."

मग पाळकांचा हात पाठीवर, आणि पाणी डोक्यावरून. खाली अगदी शांत होतं. मी कानांनी ती शांतता ऐकली आणि मला कळलं, ही ती नव्हे, ज्या शांततेत मी राहत होते. वर आले तर सभागृहात टाळ्या, गाणं, आणि सगळ्यांच्या वर आजींचा आवाज. काय म्हणत होत्या ते कुणाला कळलं नाही. मला कळलं. मी बुधवारी जाऊन त्यांना विचारीन, बरोबर ओळखलं का. मी आधीच सांगून टाकणार नाही.

पुढच्या रविवारी वचन वाचायचं काम पाळकांनी मला दिलंय. उतारा लांबलचक आहे. मावशीने मंडळीला आजच सांगून ठेवलं, डबे घेऊन या.

आता शेवटचं. हे फक्त आपण चौघांनीच पाहिलं, म्हणून लिहून ठेवते. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आले, केसांतून पाणी गळत होतं. मावशीने तुला गाठलं आणि विचारलं, "काय हो, बहिणीचं ऐकलंत. काय वाटलं?" तू तोंड उघडलंस. काही येईना. तुला, दादा. दुष्काळात पंप विकणाऱ्या माणसाला. तू हातातला रुमाल पिळलास आणि पुन्हा तोंड उघडलंस. वहिनी घाईने म्हणाली, "त्यांना असं म्हणायचंय की—" आणि मी तिच्या हातावर हात ठेवला.

आम्ही थांबलो. पाणी माझ्या पायाशी साचत होतं. कुणी चपलांकडे बघितलं नाही, कुणी हसलं नाही. मी तुझ्याकडे बघत राहिले, आणि पहिल्यांदा मला कळलं की थांबणाऱ्याला किती जड जातं ते. तू पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हातात ओला रुमाल, आणि मला तुझा शब्द माहीत होता. माझ्या ओठांवर होता.

तू काय बोललास ते मी इथे लिहीत नाही. ते तुझं आहे. पण तू बोललास, दादा. अडलास आणि बोललास, आणि पुरं बोललास.

तुझी
चिमणी